लिनक्स चालू होतंय, पण डेस्कटॉपच येत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

14 ऑक्टोबर 2025. या तारखेला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा मोफत सपोर्ट बंद केला. 2015 मध्ये आलेली ही सिस्टिम दहा वर्षं घराघरात चालली आणि एक दिवस कंपनीनं सांगितलं, की आता विंडोज 11 घ्या. अडचण अशी, की विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो.

आता विरार, नालासोपारा, वसईच्या घरांतले लॅपटॉप आठवा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सेकंडहँड लॅपटॉप, दादाच्या ऑफिसनं जुना झाला म्हणून देऊन टाकलेला लॅपटॉप, दुकानात बिलं काढायला ठेवलेला 2014 चा पीसी. ही मशिन चांगली चालतात, पण नव्या विंडोजच्या परीक्षेत नापास होतात. मग कुणीतरी मित्र पेनड्राईव्ह घेऊन येतो आणि लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू टाकून देतो. फुकट, हलकं आणि फास्ट. सहा महिने एकदम मजेत जातात.

आणि एका रात्री, नेमकं सबमिशनच्या किंवा जीएसटी भरायच्या आदल्या दिवशी, बटण दाबल्यावर काळी स्क्रीन येते. कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत असते. ना वॉलपेपर, ना माऊस, ना मेन्यू.

दुकानात नेलं तर बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट म्हणजे फोटो गेले, प्रोजेक्ट गेला, तीन वर्षांची बिलं गेली. पण खरं सांगायचं, तर डेस्कटॉप दिसत नसला तरी तुमच्या फाईल बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. कसं, तेच समजून घेऊया.

डेस्कटॉप म्हणजे लिनक्स नव्हे

विंडोजमध्ये खिडक्या, आयकॉन आणि सिस्टिम हे सगळं एकच आहे असं आपल्याला वाटतं. लिनक्समध्ये तसं नसतं.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं 1991 मध्ये लिनक्सचं कर्नल लिहिलं, तेव्हा त्यात खिडक्या-बिडक्या काही नव्हत्या. स्क्रीनवर चित्र काढायचं काम एक्स विंडो सिस्टिम नावाचा वेगळाच प्रोग्राम करतो. तो 1984 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये सुरू झाला, म्हणजे लिनक्सपेक्षाही सात वर्षांनी मोठा. केडीई आणि ग्नोम हे डेस्कटॉप आले 1996-97 च्या सुमारास. एक्सची जागा हळूहळू घेणारं वेलँड सुरू झालं 2008 मध्ये.

म्हणजे डेस्कटॉप हा लिनक्सवर चढवलेला वरचा मजला आहे. जगातले असंख्य सर्व्हर हा मजला न बांधताच वर्षानुवर्षं चालतात. वरचा मजला बंद पडला, तरी खालचं घर उभं असतं आणि तुमचं सामान खालच्याच मजल्यावर असतं.

विरार फास्टनं समजून घ्या

कॉम्प्युटर चालू होणं म्हणजे चर्चगेटहून विरार लोकल सुटण्यासारखं आहे. मधली स्टेशनं ठरलेली आहेत.

चर्चगेटला तुम्ही पॉवर बटण दाबता. मदरबोर्डवरचं बायोस किंवा यूईएफआय उठतं आणि रॅम, डिस्क, कीबोर्ड जागेवर आहेत का ते बघतं.

दादरला येतो ग्रब. दादरला जशी लाईन बदलता येते, तशी इथं निवड करता येते, की कुठली सिस्टिम आणि कुठलं कर्नल चालू करायचं.

अंधेरीला कर्नल मेमरीत चढतं आणि हार्डवेअरचा ताबा घेतं. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर साधारण इथंच गाडीत बसतो.

वसई रोडला सिस्टिमडी कामाला लागतं. वायफाय, आवाज, प्रिंटर अशा पन्नास सेवा एकामागून एक चालू करणं त्याचं काम.

नालासोपाऱ्याला डिस्प्ले मॅनेजर, म्हणजे नाव-पासवर्ड विचारणारी स्क्रीन. मिंटमध्ये त्याचं नाव लाईटडीएम, उबुंटूत जीडीएम.

आणि विरारला डेस्कटॉप.

आपला प्रॉब्लेम काय, तर गाडी विरारला पोचली नाही. पण ती वसईपर्यंत आली असेल, तर रूळ, वायर, मोटरमन सगळं ठीक आहे. घोळ शेवटच्या एक-दोन स्टेशनांत आहे. तेवढ्यासाठी फॉरमॅट मारणं म्हणजे सिग्नल लागला म्हणून अख्खी गाडी भंगारात काढणं.

आधी बघा, गाडी थांबली कुठं

काहीही टाईप करायच्या आधी लक्षण ओळखा. मुख्य प्रकार चार.

1. स्क्रीनवर ग्रब रेस्क्यू असं लिहून येतंय. गाडी दादरच्या पुढं गेलेलीच नाही. हा डेस्कटॉपचा नाही, बूटचा प्रॉब्लेम आहे आणि त्याचा उपाय वेगळा.

2. पूर्ण काळी स्क्रीन किंवा नुसती लुकलुकणारी रेघ. संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर.

3. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात लॉगिन विचारतंय. डिस्प्ले मॅनेजर चालूच झाला नाही, नाहीतर सिस्टिममधून उडालाय.

4. लॉगिन स्क्रीन येते, पासवर्ड बरोबर टाकला तरी क्षणभर काळं होऊन परत लॉगिन स्क्रीनच. याला लॉगिन लूप म्हणतात. संशय भरलेल्या डिस्कवर नाहीतर तुमच्या खात्यातल्या एखाद्या बिघडलेल्या फाईलवर.

आणि हो, एकदा ब्राईटनेस वाढवून बघा. डेस्कटॉप पीसी असेल, तर मॉनिटरची केबल हलवून बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल, तर केबल त्या कार्डालाच हवी. ती मदरबोर्डच्या पोर्टला लावली, तर स्क्रीन काळीच राहू शकते.

मागचा दरवाजा: कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3

काळी स्क्रीन असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 ही तीन बटणं एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण दाबावं लागतं. एफ3 नं काही झालं नाही, तर एफ4 नं बघा.

पांढऱ्या अक्षरात लॉगिन आलं, तर अर्धी लढाई जिंकलात. याला टीटीवाय म्हणतात, म्हणजे डेस्कटॉपशिवायचं लिनक्स. युजरनेम टाका, एंटर, मग पासवर्ड. पासवर्ड टाईप करताना काहीच दिसत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, ती पद्धतच तशी आहे.

आत गेल्यावर पहिली कमांड, एलएस. ही अक्षरं छोट्या इंग्रजीत टाकून एंटर मारा. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाऊनलोड्स अशी फोल्डरं दिसली? मग श्वास सोडा. सामान जागेवर आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. या लेखात कमांड आपण मराठी अक्षरांत लिहितोय. टाईप करताना त्या छोट्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या. मोकळी जागा, टिंब आणि आडव्या रेघा जशा दिसतात तशाच ठेवायच्या. सुडो हा शब्द एस, यू, डी, ओ असा लिहितात. त्याचा अर्थ हे काम मालकाच्या अधिकारानं कर, म्हणून तो पासवर्ड विचारतो. खाली एपीटीच्या कमांड आहेत, त्या मिंट, उबुंटू आणि डेबियनसाठी. फेडोरावर त्या चालणार नाहीत.

पहिला संशयित: भरलेली डिस्क

टाईप करा:

डीएफ -एच

डिस्कचा कुठला भाग किती भरलाय त्याची यादी येईल. ज्या ओळीच्या शेवटी नुसती तिरकी रेघ आहे, ती तुमची मुख्य डिस्क. तिथं 100 टक्के दिसलं, तर चोर बहुतेक सापडला. डेस्कटॉप चालू होताना छोट्या छोट्या फाईल लिहीत असतो. जागाच नसेल तर तो लिहू शकत नाही आणि गप्प बंद पडतो. 128 जीबीच्या एसएसडीवर सिनेमे आणि मोबाईलचे बॅकअप ठेवले, की ही वेळ यायला वेळ लागत नाही.

जागा करायला या दोन कमांड निर्धोक आहेत:

सुडो एपीटी क्लीन

सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साईज=100एम

पहिली अपडेटच्या वेळी उतरवलेल्या पॅकेजच्या फाईल काढते. दुसरी सिस्टिमच्या जुन्या नोंदी 100 एमबीपर्यंत आणते, त्यातलं एम मात्र मोठ्या लिपीत टाकायचं. एवढ्यानं गिगाभर जागा झाली तरी डेस्कटॉप उठतो. मग आत जाऊन सिनेमे निवांत हलवा. रीस्टार्टसाठी सुडो रीबूट.

दुसरा संशयित: अर्धवट राहिलेलं अपडेट

अपडेट चालू असताना लाईट गेली. किंवा मोबाईलच्या हॉटस्पॉटचा दीड जीबी डेटा मध्येच संपला. वसई-विरारच्या पावसाळ्यात यातलं काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, त्यामुळं लाईट गेली की मशिन जागच्या जागी झोपतं आणि पॅकेज अर्धवट बसलेली राहतात.

टीटीवायमध्ये हे टाका:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

पहिली कमांड अर्धवट राहिलेलं काम पुढं नेते, दुसरी तुटलेले दुवे जोडते. दुसरीला इंटरनेट लागू शकतं. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे फोन केबलनं जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. वायफायच हवं असेल, तर एनएमटीयूआय ही कमांड टाका. बाणांच्या बटणांनी चालणारा छोटा मेन्यू उघडतो.

तिसरा संशयित: डेस्कटॉपच उडवला गेलाय

हे ऐकायला गंमत वाटेल, पण याचा जगप्रसिद्ध किस्सा आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये लिनस टेक टिप्स या यूट्यूब चॅनलच्या लिनस सेबॅस्टियननं महिनाभर लिनक्स वापरायचं चॅलेंज घेतलं. त्यानं पॉप ओएस टाकलं आणि गेम खेळायला स्टीम इन्स्टॉल करायला गेला. तेव्हा त्या पॅकेजमध्ये गडबड होती. सिस्टिमनं इशारा दिला, की हे केलं तर महत्त्वाची पॅकेज काढली जातील, खात्री असेल तर हे वाक्य टाईप करा. त्यानं वाक्य टाईप केलं. स्टीम आणायच्या नादात अख्खा डेस्कटॉप गेला आणि समोर राहिली काळी स्क्रीन.

लाखो लोकांनी तो व्हिडिओ बघितला. पॅकेजमधली चूक दुरुस्त झाली आणि एपीटीमध्येही असा अपघात सहज होणार नाही असे बदल झाले. पण कमांड कॉपी-पेस्ट करताना मधल्या ओळी न वाचणारे आपण सगळेच आहोत.

तुमच्याकडं हेच झालंय का, ते बघायला एपीटीची डायरी उघडा:

लेस /व्हीएआर/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग

शेवटाला जायला मोठं जी, बाहेर पडायला छोटं क्यू. काढलेल्या पॅकेजच्या यादीत तुमच्या डेस्कटॉपचं नाव दिसलं, तर तो परत आणता येतो. मिंटच्या सिनॅमनसाठी सुडो एपीटी इन्स्टॉल मिंट-मेटा-सिनॅमन, उबुंटूसाठी सुडो एपीटी इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप. बऱ्याचदा वॉलपेपरसुद्धा तोच परत येतो, कारण तुमच्या सेटिंग तुमच्या फोल्डरमध्ये असतात आणि पॅकेज काढलं तरी त्यांना हात लागत नाही.

चौथा संशयित: ग्राफिक्स ड्रायव्हर

जून 2012. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका कार्यक्रमात टोरवाल्ड्सना एन्विडियाबद्दल विचारलं गेलं. त्यांनी कॅमेऱ्याकडं बघून मधलं बोट दाखवलं. कारण असं, की एन्विडिया आपल्या कार्डाच्या ड्रायव्हरचा कोड उघड करत नव्हती, त्यामुळं लिनक्सवाल्यांना तो नीट जुळवून घेता येत नव्हता. 2022 मध्ये कंपनीनं कर्नलशी बोलणारा भाग खुला केला, पण तो नव्या कार्डांसाठी. जुन्या लॅपटॉपमधल्या जुन्या कार्डांना त्याचा उपयोग नाही.

म्हणून होतं काय, की कर्नल अपडेट होतं, ड्रायव्हर त्याच्याशी जुळत नाही आणि स्क्रीन काळी. यावर दोन उपाय.

पहिला, जुनं कर्नल. मशिन चालू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा मेन्यू आणा. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि यादीतलं दुसऱ्या नंबरचं कर्नल निवडा. कालपर्यंत चालत होतं ते हेच. मिंट आणि उबुंटू जुनं कर्नल मुद्दाम ठेवतात, ते अशाच दिवसासाठी.

दुसरा, नोमोडसेट. ग्रबच्या मेन्यूत पहिल्या ओळीवर थांबून ई दाबा. बरीच अक्षरं दिसतील, घाबरू नका. लिनक्स या शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यात शेवटाकडं क्वाएट स्प्लॅश असे शब्द असतात. त्यांच्यापुढं मोकळी जागा सोडून नोमोडसेट हा एकच जोडशब्द टाका आणि एफ10 दाबा. याचा अर्थ, ग्राफिक्सची हुशारी बाजूला ठेव आणि साधं चित्र दाखव. स्क्रीन ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो, त्यामुळं काही बिघडायची भीती नाही.

आत गेल्यावर मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडून शिफारस केलेला ड्रायव्हर निवडा. उबुंटूत टर्मिनलवर सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल. तरीही चालला नाही, तर बायोसमधलं सिक्युअर बूट तपासा. सही नसलेला ड्रायव्हर ते आत सोडत नाही.

पाचवा संशयित: तुमच्याच खात्यातली एक फाईल

लॉगिन लूप आहे, पण डिस्क रिकामी आहे? मग हे टाका:

एलएस -एल .एक्सऑथॉरिटी

यातलं एक्स मोठ्या लिपीत, बाकी छोटी. सुरुवातीचं टिंब विसरू नका, टिंबानं सुरू होणाऱ्या फाईल लिनक्समध्ये लपलेल्या असतात. समोर मालक म्हणून तुमच्या नावाऐवजी रूट दिसलं, तर मामला स्पष्ट आहे. खिडकीवाला एखादा प्रोग्राम सुडो लावून चालवला गेलाय आणि त्यानं ही फाईल रूटच्या नावावर करून टाकलीय. ही फाईल म्हणजे डेस्कटॉपमध्ये शिरायचा पास. पास दुसऱ्याच्या नावावर असेल, तर टीसी उतरवणारच.

फाईल पुसू नका, फक्त नाव बदला:

एमव्ही .एक्सऑथॉरिटी जुनापास

परत लॉगिन केलं, की सिस्टिम नवीन पास बनवते. नव्या नावातली अक्षरं तुम्हाला हवी ती ठेवा.

तरीही लूप सुटत नसेल, तर सुडो ॲडयूजर आणि पुढं कुठलंही नाव टाकून नवीन खातं बनवा आणि त्यातून आत जाऊन बघा. नवीन खातं व्यवस्थित उघडलं, तर सिस्टिम ठीक आहे, तुमच्या खात्याच्या सेटिंगमध्ये घोळ आहे. नवीन खातंही अडलं, तर दोष सिस्टिमचा. पाच मिनिटांत निम्मा शोध संपतो.

कुणाला विचारायचं तर पुरावा घेऊन विचारा

वरचं काहीच लागू पडलं नाही, तर लिनक्सची स्वतःची रोजनिशी वाचा:

सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर

जर्नलसीटीएल -बी -पी इआरआर

पहिली कमांड लॉगिन स्क्रीनची तब्येत सांगते, दुसरी या वेळच्या बूटमधल्या चुका दाखवते. लाल अक्षरांतल्या ओळींचा मोबाईलवर फोटो काढा. मित्राला, कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना किंवा दुकानदाराला "लिनक्स चालत नाहीये" एवढंच सांगू नका, तो फोटो दाखवा. समोरच्याला दुखणं कळलं, तर तो औषध देईल. नाहीतर फॉरमॅटच सांगेल.

मराठीत शिकायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजातही आहेत, फुकट.

फॉरमॅट करावाच लागला, तर आधी हे करा

ज्या पेनड्राईव्हवरून मिंट किंवा उबुंटू टाकलं होतं, तोच लावा आणि त्यावरून मशिन चालू करा. इन्स्टॉलवर क्लिक करू नका. हे पेनड्राईव्हवरच चालणारं पूर्ण लिनक्स असतं. फाईल मॅनेजरमध्ये तुमची जुनी डिस्क दिसेल. होम फोल्डरमध्ये तुमच्या नावाचं फोल्डर असेल, ते अख्खं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. डिस्कला कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन लावलं असेल, तर त्याचा पासवर्ड लागेल. एवढं झालं, की मग खुशाल फॉरमॅट मारा.

दुकानात द्यायचा असेल, तरी आधी विचारा, "डेटा काढून देणार का?" हो म्हणाले तरच लॅपटॉप हातात द्या.

आणि या गोष्टी अजिबात करू नका

इंटरनेटवर दिसलेली, सुडो आरएम नं सुरू होणारी कमांड अर्थ न कळता टाकू नका. आरएम म्हणजे पुसणं आणि तिथं रिसायकल बिन नसतो. परवानगीची अडचण आली म्हणून सगळ्या फोल्डरांना 777 देऊ नका, एकाचे दहा प्रॉब्लेम होतील. डिस्क तपासणी चालू असताना बटण दाबून मशिन बंद करू नका.

त्यापेक्षा डेस्कटॉप नीट चालतोय तेव्हाच दोन कामं उरकून ठेवा. मिंटमध्ये टाईमशिफ्ट नावाचा प्रोग्राम असतो, तो चालू करा. तो सिस्टिमचा फोटो काढून ठेवतो आणि अपडेटनं काही बिघडलं, तर टीटीवायमधूनही मागच्या तारखेला जाता येतं. पण टाईमशिफ्ट सिस्टिम वाचवतो, तुमच्या फाईल नाही. त्यामुळं फोटो, प्रोजेक्ट आणि बिलांची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवा. आणि लिनक्स टाकलेला तो पेनड्राईव्ह पुसून त्यात गाणी भरू नका, तो कपाटात जपून ठेवा.